मनगट धरल्याची खूण

३ फेब्रुवारी

नापास! बेचाळिसाव्या वर्षी, पहिल्याच दिवशी, आणि तेही धाकटीच्या भाषेत.

माझ्या या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं बोलणं जगात कोणाला कळत असेल तर ते मला. आमच्या खुणा आम्हीच तयार केल्या, याच घरात. आणि लहानपणापासून त्या लोकांना उलगडून सांगत आले तीही मीच — डॉक्टरांना, दुकानदाराला, ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते त्या शेडच्या मालकाला. आज तिने मला खुणांच्या भाषेच्या वर्गात नेऊन बसवलं. 'नातेवाइकांसाठी', म्हणे. माशाला पोहायला शिकवायचा प्रकार!

शिकवणाऱ्या सरांनाही ऐकू येत नाही. वर्गात तोंडाने बोलायचं नाही हा पहिला नियम. शब्द निघाला की खुर्ची एक रांग मागे. तासाभरात माझी पाठ भिंतीला टेकली. शेजारी नातीसाठी येणारे एक आजोबा, तेही भिंतीला. मग आम्ही दोघं खुशाल कुजबुजत बसलो. आणखी मागे कुठे जाणार!

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'आई'. मी हात वर केला — येतंय मला! — आणि दोन्ही तळहात कमरेला पुसून दाखवले. आमची आई दिवसभर तशीच हात पुसत घरभर फिरायची. आई म्हणजे तेच. सरांनी मान हलवली. नाही. वर्ग हसला. धाकटीही हसली.

म्हणजे आमची आई चूक.

५ फेब्रुवारी

कारखान्यात आज वेगळाच तमाशा. आम्ही पुठ्ठ्याची खोकी छापतो, आणि पहिलं छापलेलं खोकं तपासायचं काम माझं. खोक्यावर बाण म्हणजे ही बाजू वर. छत्री म्हणजे ओलीपासून जपा. ग्लास म्हणजे आत फुटणारी वस्तू. नव्या मशीनवाल्याने फोरमनला विचारलं, "आमच्या घरचे ग्लास तर स्टीलचे आहेत. आपटले तरी फुटत नाहीत. मग?"

"अरे बाबा, ग्लास म्हणजे ग्लास नव्हे!"

"मग ग्लास कशाला काढलाय?"

फोरमन माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? सगळ्यांना माहीत असतं म्हणून. आणि माल चढवणारे तर त्या ग्लासवरच पाय देऊन वर चढतात. त्यांनाही अर्थ पक्का माहीत आहे! माहीत असून उपयोग काय.

१० फेब्रुवारी

मंगळवारची खूण अशीच का, म्हणून सरांना कागदावर लिहून विचारलं. त्यांनी खाली लिहिलं, 'सगळे तशी करतात म्हणून.' सगळे! मला विचारलं होतं कोणी?

आमच्या खुणांना निदान कारण तरी होतं. बाबा म्हणजे टेबलावर टकटक, कारण ते टेबल ठोकून तिला हाक मारायचे आणि तिला ते कोपरातून कळायचं. दवाखाना म्हणजे जीभ बाहेर. वरची शेजारीण म्हणजे नाक वर — आणि तिला स्वतःलाही ते कळलंय, असा मला दाट संशय आहे. धाकटी म्हणजे कमरेच्या उंचीवर आडवा हात. लहान.

आणि मी? उजव्या हाताने आपलंच डावं मनगट गच्च धरायचं. ती मी.

मी म्हणजे धरणारी. रस्ता ओलांडताना, बाजारात, गर्दीत — मीच तिला धरून नेलं. हात धरला तर निसटायची, म्हणून मनगट. कमी नव्हती ती! तिच्या नखांचे चार वण अजून आहेत माझ्या डाव्या मनगटावर. कधी ओरबाडलं तेही आता आठवत नाही. पण ती मनगट धरून दाखवते आणि मी हातातलं काम टाकून उठते, हे इतकी वर्षं चाललंय. आईबाबांनी ठेवलेलं नाव मला कधीच आवडलं नाही. हे आवडतं.

११ फेब्रुवारी

धाकटीचं नाव बदललंय! मला पत्ताच नाही.

तिच्याबरोबर शेडमध्ये शिवायला असते ती मुलगी — केस कुरळे म्हणून मी तिला कुरळी म्हणते — तिनेही कधी काही ऐकलेलं नाही. तिने म्हणे ठेवलं. मधल्या बोटाच्या टोकावर अंगठा दोनदा आपटायचा. शिवताना धाकटी त्या बोटाला पत्र्याची टोपी घालते, म्हणून.

जेवायला हाक मारताना मी आपला कमरेशी हात धरला. तिने मान हलवली. माझा हात धरला, वर वर नेला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे ती. खरं आहे. खरं असलं म्हणून काय झालं!

१७ फेब्रुवारी

आता कळलं मला वर्गात का घातलं ते.

खोली बघितली आहे! कुरळीबरोबर राहणार. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेडपासून जवळ. आज जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं. मग मोबाईल उभा करून दाखवला: असा ठेवायचा, आणि तू तिकडून, मी इकडून, अशा खुणा करायच्या. म्हणून मला नीट भाषा यायला हवी. वा! माझ्याच हाताने माझ्यासाठी खड्डा खणून घेतेय, आणि वर अभ्यासही करतेय.

मी विचारलं, आणि मी? तिने मनगट धरलं, मग उठून ताटं उचलली.

बाबा गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता आम्ही दोघी आहोत, पुरे. लग्नाचं माझं तिच्यामुळेच राहिलं. हे मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहिते, कारण इथे कोण बघायला येतंय.

२१ फेब्रुवारी

घरमालकिणीकडे गेलो, कुरळी धरून तिघी. खोली लहान पण स्वच्छ, खिडकी पूर्वेला, भिंतीला नुकताच रंग. मालकीणबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या. विचारायच्या धाकटीबद्दल, पण बघायच्या माझ्याकडे.

"रात्री-बेरात्री कोणी दार वाजवलं तर यांना कसं कळणार?"

मी धाकटीला विचारलं. तिने भराभर सांगितलं: बेलला दिवा जोडायचा, बेल दाबली की दिवा लुकलुकतो, कुरळीच्या घरी आहे तसा, वायरमन येऊन लावून देतो, खर्च आमचा.

मी मालकीणबाईंना म्हटलं, "ती म्हणते, बघू काहीतरी."

बाईंनी तोंड वाकडं केलं. "बघू म्हणजे काय हो? आग लागली तर? गॅस राहिला तर?"

"ते आहेच," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, मग नको बाई, उगाच डोक्याला ताप. आम्ही जिने उतरलो.

मी खोटं काय बोलले? बघू काहीतरीच की ते!

२२ फेब्रुवारी

कुरळीला ओठ वाचता येतात.

२३ फेब्रुवारी

ऐकू येणाऱ्याशी भांडलं तर तो दार आपटून जातो, निदान ओरडता तरी येतं मागून. ही समोर बसते आणि डोळे मिटते. मिटले की संपलं. दुनिया बंद. काल रात्री तासभर मी तिच्यापुढे हात नाचवत होते आणि ती डोळे मिटून भिंतीला टेकून बसली होती. शेवटी मी टेबल ठोकलं, बाबांसारखं. पापणीही हलली नाही.

चांगलं केलं त्याचं हे फळ.

२६ फेब्रुवारी

वर्गाला गेले. तिने नेलं नाही, मीच गेले, तिच्या मागून पाच पावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्ची पुढे सरकली, कारण आज बोलायला तोंडच नव्हतं मला!

आज एक दुभाषी बाई आल्या होत्या. ऐकू येतं त्यांना, बोलतात नीट, आणि हात तर सरांसारखेच झरझर. धाकटी काही सांगायला उठली की त्या शेजारी उभ्या राहून मोठ्याने सांगायच्या. आणि कसं? "मी शिवणकाम करते. मला शिळं जेवण आवडत नाही. मला सकाळी उशिरापर्यंत झोपायला आवडतं." मी, मी, मी! धाकटीचं सगळं 'मी' म्हणून. मी आजवर 'ती' म्हणत आले. तिला भूक लागलीय. तिला हे नकोय. तिला कळत नाही. नंतर बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोलणं तिचं, मग 'मी' तिचाच नको का? मी फक्त आवाज देते."

मग धाकटीने मनगट धरलं आणि बाई म्हणाल्या, "ताई."

आयुष्यात कोणी मला ताई म्हटलं नव्हतं. म्हणणारी एकच, आणि तिला आवाज नाही. परक्या बाईच्या तोंडून तो शब्द आला आणि माझे डोळे भरून आले, भर वर्गात. भारी राग आला मला त्या बाईचा.

४ मार्च

संपलं. आता त्या वर्गाचं तोंड बघणार नाही.

दुभाषी बाई आज नव्हत्या. सरांनी फळ्यावर लिहिलं: घरच्या माणसांच्या खुणा कशा पडल्या, सांगा. एकेकाने सांगितलं. आजोबांची नात त्यांना ढेकर देऊन दाखवते, सगळे पोट धरून हसले. मग धाकटी उठली. मनगट धरलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी सरसावून बसले. म्हटलं, आता रस्ता, गर्दी, बाजार.

तिने दोन्ही तळहात कमरेला पुसले. आई. मग आडवी झोपलेली आई. मग गाडी, तिचं मागचं दार लावल्याची खूण. मग नव्या भाषेतलं बरंच काही, भराभर, ते मला कळलं नाही. मग मनगट. नुसतं धरलेलं नाही, ओढलेलं. एक हात सुटायला बघतोय आणि दुसरा सोडत नाही. अंग हिसकावतेय, तोंड वासून ओरडतेय, पाय आपटतेय, आणि मनगट काही सुटत नाही. आज धाकटीबरोबर आलेल्या कुरळीने तोंडावर हात ठेवला.

मी उठले. खुर्ची पडली. धाकटीला कुठे ऐकू जाणार होती!

आईला नेलं त्या दिवशीचं. म्हणजे मी तिला धरून ठेवलं होतं. आईकडे जाऊ दिलं नाही. माझ्या नावाचा अर्थ तो. सगळ्या जन्माची हाक म्हणून जी खूण मी मिरवली, ती तक्रार होती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

५ मार्च

मला तो दिवस आठवत नाही. तेरा वर्षांची होते मी, ती सहा. आठवते फक्त संध्याकाळ: मी पलंगावर, मावशी पुन्हा पुन्हा विचारतेय, "अगं, तुझी दुसरी चप्पल कुठाय?" एकाच पायात होती. बाकी काळोख.

आणि आठवतं ते नंतरचं. आई मेली हे धाकटीला सांगायला आमच्याकडे खूणच नव्हती. लागलीच नव्हती कधी. बाबांनी दाराकडे हात केला. आमच्या घरात दाराकडे हात म्हणजे बाहेर गेलेय, येते. बाबांना तरी दुसरं काय सुचणार? ती किती तरी दिवस उंबऱ्यावर बसायची. कोणी येऊन तिला उचलायचं, जेवू घालायचं, ती परत जाऊन बसायची. त्या खुणेचा अर्थ बदलला तो एकदाच, आणि तो तिला एकटीलाच, आपला आपण कळला. कधी, ते आम्हाला समजलंही नाही.

मी धरलं असेलही मग. धरायलाच हवं होतं ना कोणी तरी? गाडीमागे पळू द्यायचं होतं का सहा वर्षांच्या पोरीला? वाचवलं मी तिला! आणि हिच्या हिशेबी मी तुरुंग.

११ मार्च

मालकीणबाईंना दुभाषी बाईंनी फोन केला. कुरळीने दिवा नेऊन लावूनच दाखवला. खोली मिळाली. मला तिने नाही सांगितलं. टेबलावर किल्ली दिसली.

१२ मार्च

कारखान्यात आज ग्लास उलटा छापला गेला, सबंध गठ्ठा. मी पास केला होता. फोरमनने तो स्वतः उचलून रद्दीत नेला. तेच जास्त लागलं.

१८ मार्च

माझ्याच घरात, माझ्याच बहिणीशी बोलायला दुभाषी! दाराशी त्या बाईंना बघितलं तेव्हा मनात आलं, सरळ सांगावं, चुकीच्या घरी आलात. पण धाकटीने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, खुर्ची मांडली. मी पलंगावर, ती समोर, बाई मध्ये.

मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. तयारी केली होती मी. एकेका गोष्टीला उत्तर होतं.

तर बाई सांगतायत काय! "ताई, मी रविवारी जाणार. संध्याकाळी तू जेवत नाहीस, बिस्किटांवर भागवतेस, ते चालणार नाही. गॅसची कळ मी रोज झोपायच्या आधी बघते, आता तू बघायची. वरच्या शेजारणीला मी सांगून ठेवलंय, ती सकाळी दार वाजवेल. उघडायचं."

मी हसलेच. "गॅसची कळ मी विसरते?"

धाकटीने बोटं वर केली. मोजून. बरीच होती.

"आणि बाबा गेल्यावर तू आठ दिवस उठली नाहीस. तसं झालं तर मला कळवायचं. मोबाईल समोर धरायचा, बाकी काही नाही केलंस तरी चालेल. मी बघेन आणि येईन."

चोराच्या उलट्या बोंबा! कोण कोणाला सांभाळत होतं? डॉक्टरकडे कोण न्यायचं, बाजारात कोण बोलायचं? मी बाईंना म्हटलं, तिला सांगा, माझी काळजी करायचं कारण नाही, तू सुटलीस ना, झालं. बाईंनी सांगितलं. धाकटीने उत्तर दिलं, आणि बाई म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी पण कुरळीने खोली बघितली होती. तेव्हा मी नको म्हटलं. तुला एकटीला ठेवून कशी जाऊ, असं वाटलं."

उपकार! म्हणजे माझ्यावरच उपकार! बाईंसाठी ठेवलेलं पाणी मीच घटाघटा प्यायले. बाई गेल्यावर आम्ही दोघींनी भांडी घासली, तिने घासली, मी पुसली, आणि रोजच्यासारखी ती मधे उठून गॅसची कळ बघून आली. बंदच होती ती. मी मुद्दाम बघितलं.

२३ मार्च

टेम्पो गेला. कुरळी त्यात बसून पुढे गेली, दुभाषी बाई मालकीणबाईंशी बोलायला म्हणून धाकटीबरोबर थांबल्या होत्या. दारात माझ्याने राहवलं नाही. मी बाईंना म्हटलं, सांगा तिला, आईच्या गाडीमागे जाऊ दिलं नाही मी, आता तरी मनगट सुटलं. खूश?

धाकटीला कळेना. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग पिशवी खाली ठेवली.

"ताई, मी नव्हते पळत. मला कुठे काय कळलं होतं? गाडीमागे तू धावलीस. एक चप्पल रस्त्यात राहिली. समोरून मोठी गाडी येत होती. मी तुझं मनगट धरलं. तू मला मारत होतीस, ओढत होतीस, पण मी सोडलं नाही. तेव्हापासून तुझं नाव ते."

तिने माझा डावा हात घेऊन उलटा केला, आणि त्या चार वणांवर आपली चार बोटं ठेवली. बरोबर बसली. मग भुवया उंच करून माझ्याकडे बघत राहिली. बाई काही बोलल्या नाहीत. ती विचारत होती, सोडू का.

मी मान डोलावली तेव्हा तिने सोडलं.